अर्थ लागत नाही

धैर्यशील इंगवलेनं बारदानातनं बेस बाहेर काढला
आणि मी आधी त्याचा ब्रिज बघितला.
पितळी. डावीकडं केसभर उंच.
ती चूक माझी.
बारा वर्षांमागं, उद्यमनगरात, एका शनिवारी
पंपाच्या कामातलं पितळ मुशीत उरलं होतं,
मालक जेवायला गेलेला,
तेवढ्यात ओतला होता.

म्हणजे हा माझाच. म्हणजे, होता.

सॅम्युएल हिवाळेला दिला मी, सहा हजाराला,
वर त्याचा एक अँप, ज्याच्यातनं
रात्री अकरानंतर आपोआप बातम्या लागायच्या.
सॅम्युएलनं लाल रंग खरवडला,
प्रार्थनेला लाल कशाला, म्हणाला.
खाली निघालं तीन जातींचं लाकूड, जोडलेलं.
त्याला जवसाचं तेल पाजलं
आणि कुणाला काही बोलला नाही.

त्याच्याकडनं स्नेहल नेजदारनं घेतला.
बँकेत कॅशिअर, नोटा मोजून बोटं चलाख झालेली,
पण आखूड.
तिनं मान तासली, फुटक्या काचेच्या तुकड्यानं,
रोज थोडी, रविवारी जास्त.
पिकअप हुपरीच्या कारागिराकडनं नवं गुंडाळून घेतलं.
पैंजणाला देतात तसाच डाग दिला त्यानं.
सात हजार वेढे ठरले होते,
मध्येच त्याच्या सासऱ्याचा फोन आला आणि आकडा हुकला.
नक्की किती, कुणालाच माहीत नाही.
पण तेव्हापासून खालची तार अशी बोलते
की विहिरीत घागर बुडावी.

मग बेंजो पार्टीतला इम्तियाज बागवान.
गणपतीचे दहा दिवस, ट्रॉलीवर, जनरेटरला पाठ लावून.
नट म्हशीच्या शिंगाचा बसवला त्यानं.
पट्टा सुभाषनगरातनं, चपलेच्या कातड्याचा.
चप्पल चालताना करकरते,
हा पट्टा गाणं थांबलं की करकरायचा.

मूळचं काय राहिलं बघायला मी मागची झाकणी उघडली.
चार स्क्रू. त्यातला एक बुलेटचा.
चहाच्या पेटीतला चंदेरी कागद आतनं चिकटवलेला,
तो सॅम्युएलचा. तांब्याची पट्टी स्नेहलची.
सगळ्यांचं भांडण त्या घरघरीशी होतं,
माझंही होतं, म्हणून तर विकला.
आणि टेपच्या तुकड्यावर, बॉलपेननं, इम्तियाजच्या अक्षरात:
अर्थ लागत नाही.

वायरीबद्दल लिहिलं होतं त्यानं.
मी दोनदा वाचलं.

"बोल की," धैर्यशील म्हणाला,
आणि हातावर टॉवेल टाकला.
त्यांची गुळाची अडत, बाप असाच सौदा करतो,
टॉवेलखाली, बोटं दाबून.
मला ती भाषा येत नाही.
हात आत घातला, त्याची बोटं लागली,
तारेनं घट्टे पडलेली, माझ्यासारखीच,
त्याच जागी.
माझ्याकडनं काय दाबलं गेलं कुणास ठाऊक.
"तेरा," तो म्हणाला. "दिला."

सहाला गेलेला तेराला परत.
बायकोनं दारातच विचारलं, हा तोच ना?
नाही, म्हणालो.
आणि त्यात खोटं फार नव्हतं.

रात्री कानस काढली.
बारा वर्षांची केसभर चूक, दहा मिनिटांचं काम.
अँप लावला. घरघर आली,
चौघांच्या हातनं न गेलेली, जशीच्या तशी.
तारांवर तळहात ठेवला, थांबली.
उचलला, आली.
ठेवला.
मग तसाच बसलो, काही न वाजवता,
कानस मांडीवर.